विमानापर्यंतची वाट आपल्या तालुक्यातून

आज आपण विमानाबद्दल बोलणार आहोत. विमानात बसण्याबद्दल नाही, विमानाच्या कामाबद्दल. आपल्या लेकींना या कामात शिरायचं असेल तर वाट कुठून सुरू होते, मध्ये कुठे चुकते, पैसा किती लागतो आणि गटातल्या बायांनी काय करायचं, हे सांगणार आहे. घरात आठवी ते बारावीतली मुलगी असेल तर तिलाही जवळ बसवा.

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच माणसं येतात. एक पायलट आणि दुसरी हसून नमस्कार करणारी हवाई सुंदरी. पण एसटी जशी एकट्या ड्रायव्हर-कंडक्टरवर चालत नाही, आगारात मेकॅनिक लागतो, कंट्रोलर लागतो, तसंच विमानाचं आहे. प्रत्येक उड्डाणाआधी विमान तपासून 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करणारा इंजिनिअर असतो. आकाशात दोन विमानं एकमेकांच्या जवळ येऊ नयेत म्हणून रेडिओवरून सूचना देणारे नियंत्रक असतात. सामान चढवणारे, शिडी लावणारे, धावपट्टीवरची वाहनं चालवणारे असतात. विमानाचे सुटे भाग बनवणारे कारागीर असतात. या प्रत्येक कामाचं शिक्षण वेगळं आणि खर्चही वेगळा. म्हणून 'विमानाचं शिक्षण म्हणजे श्रीमंतांचं काम' हे अर्धंच खरं आहे. पायलटचं शिक्षण महाग आहे, बाकी बरीच कामं तशी नाहीत.

आता पहिली शंका. हे बायकांचं काम आहे का? १९८५ साली कोलकात्याहून सिल्चरला इंडियन एअरलाइन्सचं एक विमान गेलं. त्याच्या कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख, शेजारच्या खुर्चीत निवेदिता भसीन, आणि आतले बाकीचे कर्मचारीसुद्धा सगळ्या बायकाच. याला चाळीस वर्षं झाली. आज भारतातल्या पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण साधारण पंधरा टक्के आहे. जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे या बाबतीत आपला देश जगाच्या पुढे आहे. तेव्हा 'बाईला जमेल का' हा प्रश्न जुना झाला. आजचा प्रश्न आहे 'आपल्या गावातली मुलगी तिथवर पोचेल कशी'.

महाराष्ट्रात काय काय आहे

पोचायचं कुठे ते आधी बघू. हे सगळं मुंबईतच आहे असं नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. आधी तिथे मिग विमानं बनली, मग सुखोई, आणि आता तेजस विमानांचीही जुळणी होते. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं केंद्र आहे, आणि फाल्कन जातीच्या विमानांचे भागही तिथे बनतात. गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर पायलट प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. जळगाव, बारामती, शिरपूर इथे विमान शिकवणाऱ्या संस्था आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था उभारण्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. आणि नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं.

बघा, ओझर, मिहान, बिरसी, बेलोरा. सगळी गावाकडचीच नावं. पण बिरसीच्या धावपट्टीला लागून असलेल्या शेतात काम करणाऱ्या बाईच्या मुलीला त्या कुंपणाच्या आत काय शिकवतात हे कुणी सांगितलं नाही, तर ते कुंपण तिच्यासाठी मुंबईइतकंच लांब.

वाट चुकते ती अकरावीला

आता मी सांगते ती गोष्ट नीट लक्षात ठेवा. आजच्या बोलण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

पायलट व्हायला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरच्या शिक्षणाला बहुतेक संस्था हेच मागतात. नियंत्रक व्हायला बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. हवाई दलात एनडीएतून जायचं तरी हे दोन विषय लागतात, आणि रसायनशास्त्रही.

आणि आपल्याकडे काय होतं? मुलगी दहावी पास होते. अकरावीला सायन्स घेतलं तर कुणीतरी सांगतं, 'गणित अवघड असतं, सोडून दे, नर्सिंगला बायोलॉजी पुरते.' किंवा तालुक्याच्या कॉलेजात सायन्स नाही म्हणून ती आर्ट्‌सला जाते. त्या एका फॉर्मवर चार-पाच वाटा बंद होतात, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. मुलगी सोळा वर्षांची असते. आई म्हणते, तिला जे आवडेल ते घेऊ दे. पण एका विषयावर काय काय अवलंबून आहे हे माहीतच नसेल तर ती निवड कसली?

म्हणून गणित सोडू नका. बायोलॉजी हवी असेल तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेता येतात. ज्यांचं सुटलंय त्यांच्यासाठीही एक दार आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय नंतर देता येतात. आर्ट्‌स किंवा कॉमर्स झालेली कितीतरी मुलं-मुली असे विषय देऊन पायलट झाली आहेत. वेळ जातो, पण वाट मिळते.

पहिली वाट : हाताचं काम

ज्या मुलीला सायकलची चेन बसवायला, मिक्सर उघडून बघायला आवडतं, तिच्यासाठी ही वाट. दहावीनंतर आयटीआय. आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याचा आणि उपकरणांचा फिटर असा खास दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो सगळीकडे नसतो. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दसाँ या फ्रेंच विमान कंपनीच्या मदतीने तो सुरू झाला. पण तोच मिळायला हवा असंही नाही. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर हे नेहमीचे ट्रेड आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये असतात. ओझरचा कारखाना आयटीआय झालेल्यांना शिकाऊ उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस, म्हणून घेतो. त्यात विद्यावेतन मिळतं. अप्रेंटिस झाली की नोकरी पक्की असं नसतं, पण विमानाच्या कारखान्यातला अनुभव पुढे कुठेही कामाला येतो.

याच्या वरची पायरी म्हणजे विमान देखभाल अभियंता. सगळे त्याला एएमई म्हणतात. विमानाच्या कागदावर सही करण्याचा अधिकार याच माणसाला. बारावी सायन्सनंतर किंवा इंजिनिअरिंगच्या डिप्लोमानंतर हे शिकता येतं. परवाना मिळेपर्यंत शिक्षण आणि अनुभव धरून चारेक वर्षं किंवा जास्त लागतात. परवान्याची परीक्षा केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, घेतं. प्रत्येक पेपरात पंच्याहत्तर टक्के लागतात, म्हणजे घोकंपट्टी चालत नाही. संस्थेची फी काही लाखांत जाते. म्हणून प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारा : 'तुमच्या संस्थेला या अभ्यासक्रमासाठी डीजीसीएची मान्यता आहे का? कागद दाखवा.' मान्य संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते. यादीत नाव नसेल तर इमारत कितीही चकाचक असो, दारातून परत फिरा.

दुसरी वाट : आकाशातला वाहतूक नियंत्रक

ही वाट मला आपल्या भागातल्या मुलींसाठी सगळ्यात जवळची वाटते, आणि हिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. विमानतळ प्राधिकरण वेळोवेळी हवाई वाहतूक नियंत्रणासाठी कनिष्ठ अधिकारी भरतं. पात्रता काय? भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन तीन वर्षांची बी.एस्सी. म्हणजे आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या साध्या कॉलेजातली पदवी. इंजिनिअर झालेल्यांनाही अर्ज करता येतो. वयाची अट सर्वसाधारण गटाला सत्तावीस वर्षं, राखीव गटांना सवलत. महिला उमेदवारांना अर्जाची फी माफ असते. संगणकावर परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मानसिक आणि वैद्यकीय चाचणी. निवड झाली की प्रशिक्षण प्राधिकरणच देतं. मूळ वेतनाची सुरुवात महिना चाळीस हजारांपासून, त्यावर भत्ते वेगळे.

हिशोब करून बघा. मुलगी एकवीसाव्या वर्षी बी.एस्सी. झाली तर तिच्या हातात पाच-सहा वर्षं असतात. स्पर्धा मोठी आहे, पहिल्या झटक्यात निवड होईलच असं नाही. पण या वाटेवर घरदार गहाण पडत नाही. पदवी हातात राहते आणि तिच्यावर इतर परीक्षाही देता येतात. या वाटेवरची अडचण वेगळीच आहे. पदवी झाली की वर्षाच्या आत लग्न उरकायची आपल्याला घाई होते. तिला तयारीसाठी दोन वर्षं मिळाली, तर ते तिला कितीतरी लाखांच्या फीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि ती दोन वर्षं देणं घरच्यांच्याच हातात आहे.

तिसरी वाट : पायलट

आता पायलट. व्यावसायिक पायलटचा परवाना मिळायला वय अठरा पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र-गणित, डीजीसीएच्या लेखी परीक्षा, दोनशे तासांचं उड्डाण आणि वैद्यकीय तपासणी हे सगळं लागतं. लेखीमध्ये हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमानाची तांत्रिक माहिती असे विषय असतात. पास व्हायला सत्तर टक्के. विमान उडवण्याचा एकेक तास महाग, म्हणून सगळा खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो. त्यानंतर मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण असतं, त्याचे आणखी काही लाख.

हा आकडा ऐकून घाबरू नका, पण घाईही करू नका. आपल्याला कर्ज म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे. पन्नास लाखांवर दहा टक्के व्याज धरलं तर वर्षाचं नुसतं व्याज पाच लाख होतं. म्हणजे महिन्याला एक्केचाळीस हजारांच्या वर, आणि मुद्दल तसंच उभं. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. गावात तारण म्हणजे जमीन किंवा घर. परवाना मिळाल्यावर लगेच नोकरी लागेलच असं नाही, वर्ष-दोन वर्षं थांबावंही लागतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. चष्मा असला म्हणून नकार मिळतो असं नाही, पण रंग नीट ओळखता येत नसतील तर अडचण होते. हे काही हजारांत कळतं. मग लेखी परीक्षांचा अभ्यास. तो घरी राहूनही करता येतो. मुलगी दोन-तीन पेपर पास झाली की तिची ओढ आणि कुवत दोन्ही दिसतात. त्यानंतर शिष्यवृत्ती शोधायची, आणि सर्वांत शेवटी कर्ज. आधी सातबारा बँकेत आणि मग डॉक्टरकडे, असा उलटा क्रम कधीही करू नका.

शिष्यवृत्त्या आहेत, पण मोजक्या. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षणाची योजना सुरू केली, जागा थोड्या. अनुसूचित जातींसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिक्षण शिष्यवृत्ती आहे, तिच्या यादीतल्या संस्थांत पायलट प्रशिक्षणालाही ठरावीक मर्यादेपर्यंत फी मिळते. राज्य सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. इंजिनिअरिंगच्या पदवीला तिचा फायदा होतो. पण ती सवलत सरकारी प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशासाठी आहे. फ्लाइंग स्कूलही तिच्यात येईल असं धरून चालू नका.

उडायचं आणि फीही नाही

पायलट व्हायची एक वाट अशी आहे जिथे सरकारच शिकवतं. पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, एनडीए. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर तिची दारं मुलींना उघडली. २०२२ मध्ये पहिल्या मुली आत गेल्या आणि मे २०२५ मध्ये सतरा जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. परीक्षा वर्षातून दोनदा होते, मुलींना फी नाही. अर्ज साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात करावा लागतो आणि मुलगी अविवाहित असावी लागते. इथे डोळ्यांच्या आणि तब्येतीच्या अटी जास्त कडक आहेत.

या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य सरकारची मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था नाशिकला आहे. दहावीच्या वर्षीच तिची प्रवेश परीक्षा असते. म्हणजे नववी-दहावीतच माहिती हवी. अकरावीत कळलं तर वेळ गेलेली असते.

सेवेची कामं आणि ड्रोन

विमानातल्या सेवक दलासाठी बारावी पास, चांगलं इंग्रजी-हिंदी, ठरलेली उंची आणि निरोगी तब्येत लागते. विमान कंपन्या थेट मुलाखती घेतात. त्यासाठी लाख-दीड लाखाचा खाजगी कोर्स केलाच पाहिजे अशी अट नसते. विमानतळावर सामान हाताळण्याच्या कामासाठी दहावी पास बायकाही घेतल्या जातात. आयटीआय किंवा डिप्लोमा आणि जड वाहनाचा परवाना असेल तर धावपट्टीजवळची वाहनं आणि यंत्रं चालवण्याची कामं मिळू शकतात. गावात ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलींनी हे ऐकून ठेवा.

आणि ड्रोन तर आपल्या शेतापर्यंत आला आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या पंधरा हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. किमतीच्या ऐंशी टक्के, जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत अनुदान, आणि गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. ही योजना २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी मंजूर झाली होती, पुढचं काय ते तालुक्याच्या उमेद कार्यालयात विचारा. ड्रोन चालवण्याचं प्रमाणपत्र योजनेशिवायही मिळतं. दहावी पास आणि वय अठरा पूर्ण पाहिजे, प्रशिक्षण मात्र डीजीसीए-मान्य संस्थेतच घ्यायचं. ज्या मुलीने गावात ड्रोन उडवला, तिला वारा, उंची आणि बॅटरीचा हिशोब पुस्तकाआधीच कळतो.

फसवणुकीपासून सावध

'विमानतळावर नोकरी, दहावी पास, पगार तीस हजार, आजच फोन करा.' अशी पत्रकं एसटी स्टँडवर चिकटवलेली असतात, मोबाईलवरही येतात. फोन केला की आधी नोंदणीचे पैसे, मग गणवेशाचे, मग मेडिकलचे मागतात. हातात बनावट नेमणूकपत्र येतं आणि नंतर फोन बंद. नियम साधा आहे. खऱ्या भरतीची जाहिरात कंपनीच्या किंवा प्राधिकरणाच्या स्वतःच्या वेबसाइटवर असते. अर्जाची ठरलेली किरकोळ फी सोडली तर नोकरी देणारा पैसे मागत नाही. आणि 'शंभर टक्के नोकरीची हमी' कुठल्याच शिक्षण संस्थेला देता येत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या.

गटाने काय करायचं

एकट्या आईला हे सगळं जमणार नाही. गटाला जमेल. पुढच्या बैठकीत चार कामं वाटून घ्या.

पहिलं, आपल्या तालुक्यात कुठल्या कनिष्ठ महाविद्यालयात सायन्सला गणित आणि भौतिकशास्त्र शिकवतात, शिक्षक खरोखर आहेत का आणि प्रयोगशाळा उघडते का, हे दोघींनी जाऊन बघा. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. एका गावाने केली तर अर्ज फायलीत पडून राहतो, दहा गावांच्या ग्रामसंघांनी मिळून केली तर उत्तर द्यावं लागतं.

दुसरं, जाण्यायेण्याचं. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण पास असून उपयोग काय, जर कॉलेज सुटल्यावर गाडीच नसेल? प्रॅक्टिकल संपण्याची वेळ आणि शेवटच्या गाडीची वेळ जुळते का बघा, आणि जुळत नसेल तर आगारप्रमुखांना भेटा. कितीतरी मुलींचं सायन्स गाडीच्या वेळेमुळे सुटतं.

तिसरं, भेट. आपल्या जवळ आयटीआय, विमानतळ किंवा प्रशिक्षण संस्था असेल तर शाळेमार्फत परवानगी काढून आठवी-नववीच्या मुलींना एकदा नेऊन आणा. बघितलेल्या गोष्टीचं स्वप्न बघणं सोपं जातं.

चौथं, इंग्रजी. आकाशातलं बोलणं बहुतेक इंग्रजीत चालतं, आणि पायलट व नियंत्रक दोघांनाही त्याची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी मोठ्या शहरातली शाळा लागत नाही. रोज अर्धा तास मोठ्याने वाचायचं आणि बोलायचं, चुकलं तर चुकलं. गावातली कॉलेजात जाणारी मुलगी शाळेतल्या चौघींना घेऊन बसली तरी सुरुवात होते.

प्रत्येक मुलगी विमानात जाणार नाही, जायलाही नको. एखादीला गणित नाही आवडणार, एखादीला शेतीच करायची असेल. पण तिने नाही म्हणायचं ते माहिती असून म्हणावं. आपल्या गावात यंदा दहावीला किती मुली आहेत, त्यांची नावं गटाच्या वहीत लिहा. निकाल लागायच्या आधी प्रत्येकीच्या घरी जा आणि तिच्या आईला एवढंच सांगा : अकरावीचा फॉर्म भरताना गणिताच्या रकान्यापाशी थोडं थांबा.

तुमच्या शंका आपल्या रेडिओ केंद्रावर कळवा. शिष्यवृत्त्यांचे अर्ज कसे भरायचे, कुठले दाखले आधीपासून काढून ठेवायचे, यावर पुढच्या वेळी बोलू. नमस्कार.